रेफरन्स मागतोय की गिऱ्हाईक शोधतोय?

या वेळी व्हिसा, काउन्सिल टॅक्स, मुलांची शाळा हे सगळे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत, कारण कॉन्ट्रॅक्टिंग करणाऱ्या वाचकांनी रिक्रूटमेंट एजंटांबद्दल इतकं लिहिलंय की निवडक पत्रं घेतली तरी जागा पुरत नाहीये. नावं कोणाचीच देत नाही, माणसांची नाही आणि एजन्सींची पण नाही. पत्रं थोडी कापलीत, राग मानू नका.

प्रश्न : ताई नमस्कार. मी लंडनजवळ स्लाऊला असतो, पुण्याहून येऊन बरीच वर्षं झाली, आधी पर्मनंट होतो, आता स्वतःची लिमिटेड कंपनी काढून टेस्ट ऑटोमेशनची कॉन्ट्रॅक्ट घेतो. मागचं कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर एका एजंटचा फोन आला, रोल अगदी माझ्या सीव्हीवरून लिहिल्यासारखा, रेट पण छान. म्हणाला क्लायंटला घाई आहे, संध्याकाळपर्यंत सीव्ही पाठवायचाय, पण सोबत रेफरन्स म्हणून आधीच्या दोन मॅनेजरची नावं आणि मोबाईल नंबर लागतील, क्लायंटचा नियमच आहे. मी दिले. त्यानंतर हा माणूस गायब, फोन उचलत नाही, मेलला उत्तर नाही. आणि मग जुन्या मॅनेजरचा मेसेज, की हा कोण आहे, तुझं नाव सांगून फोन करतो आणि आमच्याकडे कुठल्या जागा भरायच्यात ते विचारतो. इतकं ओशाळल्यासारखं झालं म्हणून सांगू. हे सगळ्यांशी होतं की माझंच नशीब?

नशीब बिशीब काही नाही हो, धंद्याची रीत आहे ही, आणि बरीच जुनी आहे. त्याला तुम्ही कसं काम करता हे कधी जाणून घ्यायचंच नव्हतं. त्याला त्या दोन मॅनेजरपर्यंत पोचायचं होतं आणि तुम्ही वाटेत भेटलात.

एजन्सीला पैसे कुठून मिळतात ते एकदा बघा म्हणजे सगळं लक्षात येईल. उदाहरण म्हणून धरा, क्लायंट एजन्सीला दिवसाचे 575 पौंड देतो, तुम्हाला 500 मिळतात, मधले 75 एजन्सीचे. तुम्ही वर्षात 220 दिवस काम केलंत तर साडेसोळा हजार पौंड झाले, आणि त्यातून एजंटचं कमिशन. आता टेस्टर काय, एक जाहिरात जॉबसर्वसारख्या नोकऱ्यांच्या साइटवर टाकली की सीव्हींचा ढीग येतो, ती अडचणच नाहीये. अडचण आहे ती ज्याच्या हातात बजेट आहे आणि ज्याला खरंच माणूस हवाय असा मॅनेजर सापडण्याची. कंपनीच्या स्विचबोर्डला फोन करून विचारलं तर रिसेप्शनवरून एचआरकडे टोलवतात, एचआर म्हणतं आमची सप्लायर लिस्ट ठरलेली आहे, तुम्ही तिच्यात नाही, थँक यू. तेच जर मॅनेजरच्या मोबाईलवर फोन गेला आणि सुरुवातच "अमुक तुमच्याकडे होता ना, त्याच्याबद्दल दोन मिनिटं बोलायचं होतं" अशी झाली, तर कोण फोन ठेवतं? आपल्या चांगल्या माणसासाठी कोणीही दोन मिनिटं देतं. मग दीड मिनिट तुमच्याबद्दल होतं आणि उरलेलं "त्याच्या जागी कोणी घेतलंत का, पुढच्या क्वार्टरला काय प्लॅन आहे, माझ्याकडे दोन फार चांगले लोक आहेत" यावर जातं.

एजन्सीच्या ऑफिसात अशा नावाला लीड म्हणतात आणि आठवड्याला किती लीड आणल्या याचं टार्गेट असतं. काही ठिकाणी उमेदवार शोधणारे वेगळे आणि क्लायंट शोधणारे वेगळे असतात, पण बऱ्याच ठिकाणी एकच माणूस दोन्ही करतो, त्याला थ्री-सिक्स्टी रिक्रूटर म्हणतात, आणि तुमच्याशी गोड बोलणारा माणूस हा थ्री-सिक्स्टी असेल तर तुमचा सीव्ही वाचताना त्याची नजर तुमच्या स्किल्सवर कमी आणि क्लायंटच्या नावांवर जास्त असते. नवीन पोरं लागतात त्यांना तर पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात.

आणि तो रोल? असेल, नसेल. कधी असतो पण दुसऱ्याच एजन्सीकडे असतो, कधी महिन्यापूर्वी भरलेला असतो, कधी नुसताच रचलेला असतो. "थेम्स व्हॅलीमधली आघाडीची फायनान्शियल कंपनी" इतकीच माहिती आणि रेट मात्र बाजारापेक्षा बरा, असं दिसलं की मी तरी जरा सावध होते. स्थळ कुठलं ते सांगायच्या आधीच मुलीच्या मामा-काकांचे नंबर मागणारं वधूवर सूचक मंडळ असावं तसला प्रकार आहे हा.

आता कायद्याचं, कारण "क्लायंटचा नियम आहे" किंवा "लीगल रिक्वायरमेंट आहे" हे वाक्य प्रत्येक पत्रात आलंय. ब्रिटनमध्ये एजन्सींसाठी 2003 चे नियम आहेत, लोक त्यांना कंडक्ट रेग्युलेशन्स म्हणतात, आणि त्यात दोन रेफरन्स घेणं एजन्सीला बंधनकारक आहे ते फक्त काही कामांसाठी, म्हणजे जिथे लहान मुलं, आजारी, वृद्ध अशा लोकांची जबाबदारी आहे किंवा जिथे कायद्याने किंवा व्यावसायिक संस्थेच्या नियमाने ठराविक क्वालिफिकेशन लागतं. नर्स, केअर वर्कर, शाळेतले लोक वगैरे. सेलेनियमवर टेस्टिंग करणाऱ्यासाठी नाही! उलट त्याच नियमांत असं आहे की ज्या जागेसाठी क्लायंटने माणूस शोधायला सांगितलेलंच नाही त्या जागेची जाहिरात एजन्सीने करायची नाही, आणि उमेदवार पुढे पाठवायच्या आधी क्लायंट कोण, काम कुठे, कधीपासून, किती दिवस ही माहिती एजन्सीकडे असली पाहिजे. म्हणजे "डिटेल्स अजून यायच्यात, तोवर रेफरन्स देऊन ठेव" हे उलटंच झालं.

यात एक मेख आहे. लिमिटेड कंपनीतून काम करणाऱ्यांना या नियमांतून बाहेर पडायचा, ऑप्ट-आउटचा पर्याय असतो आणि एजन्सी तो फॉर्म कागदांच्या गठ्ठ्यात सरकवते, लोक न वाचता सही करतात, आणि मग नियमांतलं बरंचसं संरक्षण आपल्यापुरतं जातं. सही करायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा पण "ऑप्ट-आउट केलं नाही तर काम देणार नाही" अशी अट घालायला परवानगी नाही, एवढं माहीत असू द्या.

त्या मॅनेजरला तुम्ही स्वतः फोन करा, मेसेज नको, फोन. काय झालं ते सांगा, पुन्हा आला तर सरळ नाही म्हणा असं सांगा, आणि विषय संपवा. त्याने स्वतः तुम्हाला कळवलं म्हणजे त्याला तुमच्याबद्दल आपुलकी आहे, जो खरंच वैतागतो तो कळवत नाही, पुढच्या वेळी तुमचा फोन उचलत नाही इतकंच.

प्रश्न : ताई, मी हॅरोला असते, बिझनेस अॅनालिस्ट आहे. रेफरन्स आधी देऊ नये हे मला कळतं पण नाही म्हटलं की लगेच "मग सीव्ही पुढे जाणार नाही" असं ऐकवतात. आयआर35 या कॉन्ट्रॅक्टरच्या टॅक्सच्या कायद्यानंतर कामं कमी झालीत, घराचा हप्ता आहे, घरी बसून तत्त्वं पाळायची का? नाही म्हणायचं तर नक्की कसं म्हणायचं ते सांगा.

तत्त्वासाठी हप्ता चुकवा असं मी कधीच म्हणणार नाही. पण "नाही" म्हणायची गरजच नाहीये, "हो, पण नंतर" म्हणायचं. अगदी हसत हसत: माझे रेफरन्स आहेत, उत्तम आहेत, इंटरव्ह्यू झाला आणि क्लायंटची ऑफर लेखी आली की त्याच दिवशी पाठवते. बस. कारणं देऊ नका, कारण दिलं की तो त्या कारणाशी वाद घालतो, वाद घालणं हे त्याचं रोजचं काम आहे, आपलं नाही.

यावर तो काय करतो ते बघायचं. ज्याच्याकडे खरा रोल आहे त्याला पैसे मिळणार आहेत तुम्ही कामाला लागल्यावर, त्यामुळे तो थोडा कुरकुर करतो आणि सीव्ही पाठवतो. ज्याला नावंच हवी होती त्याचा आवाज बदलतो, किंवा "ठीक आहे, नंबर नको, नुसतं नाव सांग" असं सौदेबाजीवर येतो. नुसतं नावही नको बरं का! कंपनीचं नाव सीव्हीवर आहेच, त्यात मॅनेजरचं नाव मिळालं की लिंक्डइनवरून पुढचं काम पाच मिनिटांचं. आणि तुमच्या लिंक्डइनवर मॅनेजरने लिहिलेली रेकमेंडेशन उघड्यावर असतील तर एजंटला तुम्हाला विचारायची पण गरज नाही, तेवढं सेटिंग एकदा बघून घ्या.

एक प्रश्न तुम्ही त्याला विचारा, क्लायंट कोण? पुष्कळ एजंट सांगत नाहीत, त्यांना भीती असते की तुम्ही थेट जाल किंवा दुसऱ्या एजन्सीला सांगाल, आणि ती भीती अगदीच खोटी नाही. ठीक आहे, नको सांगू. पण मग तू तुझ्या क्लायंटचं नाव जपतोस ते धंदा म्हणून, आणि माझ्या जुन्या क्लायंटच्या मॅनेजरचं नाव मी पहिल्या फोनवर द्यायचं, हा कुठला न्याय?

रेफरन्सपेक्षा जास्त धोक्याचा प्रश्न मात्र दुसराच आहे आणि तो कोणी पत्रात लिहिलाच नाही, म्हणजे लोक तो प्रश्न ओळखतच नाहीत. "अजून कुठे कुठे सीव्ही गेलाय? दोनदा जायला नको म्हणून विचारतो." ऐकायला किती समजूतदार! आणि खरंच, एकाच जागेसाठी दोन एजन्सींकडून सीव्ही गेला तर काही क्लायंट दोन्ही बाद करतात, त्यामुळे प्रश्नात तथ्य आहे. पण त्याचं उत्तर द्यायला त्याने आधी त्याच्या क्लायंटचं नाव सांगायला हवं, मग तुम्ही म्हणाल तिथे गेलाय किंवा नाही गेला. तुम्हीच सगळी यादी वाचून दाखवायची नाही. परवा अमुक बँकेत इंटरव्ह्यू दिला, हायरिंग मॅनेजर तमुक, असं बोलून गेलात तर संध्याकाळी त्या तमुकच्या इनबॉक्समध्ये तुमच्याच जागेसाठी अजून तिघांचे सीव्ही, आणि त्यातला एखादा 50 पौंड कमी रेटने तयार. आपल्या हाताने आपली कॉम्पिटिशन उभी करायची ही पद्धत आहे. "मागचं कॉन्ट्रॅक्ट का संपलं, तुझ्या जागी कोण आलं, टीममध्ये अजून किती कॉन्ट्रॅक्टर आहेत" हे पण त्याच जातीचे प्रश्न. गप्पांच्या ओघात येतात, उत्तर त्रोटक द्यायचं.

आयआर35 चं तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे आणि याच्याशी त्याचा संबंधही आहे. तो कायदा 2000 सालापासूनचा, पण सरकारी खात्यांत 2017 पासून आणि खासगीतल्या मध्यम-मोठ्या कंपन्यांत एप्रिल 2021 पासून स्टेटस, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरला टॅक्सपुरता नोकरदार मानायचं का, हे ठरवायची जबाबदारी क्लायंटवर आली, आणि काही मोठ्या बँकांनी तर त्याच्या आधीच लिमिटेड कंपनीवाले नकोच म्हणून टाकलं. तुमच्यासारख्यांची कामं आटली तशी एजन्सींचीही आटली, म्हणजे तुमच्या फोनबुकातल्या नावांना भाव आला. ज्या काळात तुम्ही सगळ्यात जास्त गरजू असता त्याच काळात तो सगळ्यात जास्त भुकेला असतो, म्हणून तर हे फोन तेव्हाच वाढतात.

बँकेत किंवा सरकारी कामात कडक व्हेटिंग, म्हणजे पार्श्वभूमीची तपासणी, असतं, ते खरं असतं, त्याला घाबरू नका. सरकारी कामासाठी जी बेसिक तपासणी असते, बीपीएसएस, तिच्यात ओळख, काम करायचा हक्क, क्रिमिनल रेकॉर्ड आणि मागच्या तीन वर्षांचा कामाचा इतिहास बघतात. पण ते ऑफरनंतर होतं, बहुतेक वेळा वेगळ्या व्हेटिंग कंपनीकडून होतं, फॉर्मवर होतं. पहिल्याच फोनवर कमिशनवाला एजंट विचारतोय ते व्हेटिंग नाही.

अगदीच अडलं, रोल खरा वाटतोय, एजन्सी नावाजलेली आहे आणि तो हटून बसलाय, तर मॅनेजरच्या ऐवजी जुन्या कंपनीच्या एचआरचा जनरल ईमेल द्या. इथे बहुतेक मोठ्या कंपन्या अधिकृत रेफरन्समध्ये तारखा आणि पद याच्यापलीकडे काही लिहीतच नाहीत, त्यामुळे खऱ्या तपासणीला एचआर चालतं. किंवा आधीच्या मॅनेजरकडून पत्र लिहून घ्या, त्यात फोन नंबर नको, आणि ते पीडीएफ पाठवा. माझ्या ओळखीतला एक जण तर रेफरन्स म्हणून आधीच्या एजन्सीच्या कन्सल्टंटचं नाव देतो, म्हणतो दोघं एकमेकांशी काय बोलायचं ते बोलू देत.

यातून एखादा खरा रोल हातचा जाईल का? जाईल कधीतरी. ते मान्य करूनच हे करायचं. पण तेच चार मॅनेजर पुढची दहा वर्षं तुम्हाला काम देणारे आहेत, एजंट सहा महिन्यांनी एजन्सी बदलून कार फायनान्स विकत असतो.

प्रश्न : मी या गोष्टीच्या दुसऱ्या टोकाला आहे. लीड्सला एका इन्शुरन्स कंपनीत डिलिव्हरी मॅनेजर आहे आणि माझ्याकडे काम करून गेलेल्या मुलामुलींच्या नावाने मला सतत एजंटांचे फोन येतात. त्या बिचाऱ्यांचं काम जाऊ नये म्हणून मी बोलते, आणि दोन मिनिटांत गाडी सेल्सवर येते. तोडून बोलले तर त्या मुलाचं नुकसान होईल का?

नाही होणार. ज्याला खरंच रेफरन्स हवाय त्याला तुम्ही एकच वाक्य सांगायचं, तुमचे प्रश्न मला ऑफिसच्या मेलवर पाठवा, कुठल्या रोलसाठी आहे ते लिहा, मी उत्तर देते. खरा असेल तर मेल येतो. बाकीच्यांचा येत नाही, कारण लिहायला काही नसतंच.

दुसरं म्हणजे तुमचं नाव आणि मोबाईल नंबर हा तुमचा पर्सनल डेटा आहे, ऑफिसचा असला तरी. रेफरन्ससाठी म्हणून घेतलेला नंबर सेल्ससाठी वापरणं हे यूके जीडीपीआरमध्ये, म्हणजे इथल्या डेटा संरक्षणाच्या कायद्यात, बसवायला त्यांना फार कसरत करावी लागेल, आणि मार्केटिंग नको असं तुम्ही एकदा सांगितलंत की तो हक्क पूर्ण आहे, त्यात त्यांना "पण आमचा लेजिटिमेट इंटरेस्ट" वगैरे म्हणता येत नाही. "माझा डेटा मार्केटिंगसाठी वापरायला माझा आक्षेप आहे, आणि तो तुम्हाला कुठून मिळाला ते लेखी कळवा" असा दोन ओळींचा मेल करा, एजन्सीच्या जनरल पत्त्यावर, त्या पोराला नाही. तरी फोन आले तर आयसीओकडे, म्हणजे डेटाच्या नियमांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, तक्रार करता येते. बहुतेक वेळा तिथपर्यंत जावं लागत नाही, दुसरा शब्द वाचूनच ते नाव काढून टाकतात.

आणि त्या मुलांना जरा कळवा हो. रागावून नाही, नुसतं की बाबा तुझं नाव अमुक ठिकाणी असं वापरलं जातंय. त्यांना बहुतेक पत्ताच नसतो, वरच्या स्लाऊवाल्या वाचकांसारखं.

प्रश्न : न्यू जर्सीत एडिसनला असतो, एच-वन-बीवर. प्रोजेक्ट संपला, एम्प्लॉयर म्हणतो लवकर दुसरा शोध नाहीतर काढावं लागेल. रोज दहा-पंधरा व्हेंडरचे फोन, प्रत्येक जण सबमिट करायच्या आधी दोन रेफरन्स, पासपोर्टची कॉपी, व्हिसाची कॉपी आणि सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे मागतो. सगळ्यांना देत बसलो तर माझी अख्खी कुंडली बाजारात जाईल. काय करू?

तुमच्याकडे लंडनपेक्षा थर जास्त आहेत ना, म्हणून. तुमचा एम्प्लॉयर, त्याच्या वर व्हेंडर, त्याच्या वर क्लायंटशी थेट करार असलेला प्राइम व्हेंडर, मग क्लायंट, कधी मध्ये अजून एक इम्प्लिमेंटेशन पार्टनर. खालचा व्हेंडर क्लायंटपासून दोन पायऱ्या लांब असतो आणि त्याची सगळी धडपड एक पायरी वर चढायची असते, त्यासाठी तुमच्या जुन्या क्लायंटचा मॅनेजर म्हणजे त्याला शिडीच.

मी तुमच्या जागी असते तर आरटीआर, म्हणजे राइट टू रिप्रेझेंटचा, तुमचा सीव्ही पुढे पाठवायची परवानगी मागणारा मेल, त्यावर क्लायंटचं नाव, रोल आणि रेट असल्याशिवाय होकार दिला नसता. मोघम आरटीआरला उत्तर द्यायचं नाही. रेफरन्स प्राइम व्हेंडरला किंवा क्लायंटला, इंटरव्ह्यूनंतर. पासपोर्ट, व्हिसा, सोशलचे आकडे ऑफर आल्याशिवाय कोणालाही नाही, आणि कागदपत्रं मागितली तर तुमच्या एम्प्लॉयरकडे बोट दाखवा, पेपरवर्क त्याचं काम आहे. नोकरी गेलीच तर तिथे राहून दुसरी शोधायला 60 दिवसांपर्यंतची मुदत मिळते, 2017 च्या जानेवारीपासून तसा नियम आहे, आणि व्हेंडरला ही मुदत तुमच्याइतकीच पाठ असते, फोनवर "स्टेटस काय, किती दिवस उरलेत" हे तो काळजीपोटी विचारत नाही. दिवस मोजून सांगायचे नाहीत. इमिग्रेशनचा प्रश्न वकिलाला विचारा, मला नको.

प्रश्न : हिंजवडीत एका कंपनीत आहे, पाच वर्षं झाली. नोकरी बदलायची म्हणून एका कन्सल्टन्सीत नाव नोंदवलं तर त्यांच्या फॉर्ममध्ये आत्ताच्या मॅनेजरचा नंबर आणि "तुमच्यासारखं स्किल असलेल्या पाच सहकाऱ्यांचे नंबर" असे रकाने आहेत, आणि ते मँडेटरी. भरू का?

अजिबात नको. आत्ताच्या मॅनेजरचा नंबर दिलात आणि त्यांनी "तुमच्याकडे रिप्लेसमेंट लागेल, आम्ही देऊ का" असा फोन केला तर तुम्ही चाललात ही बातमी तुमच्या आधी पोचली. असं झालेलं आहे लोकांचं, ऑफर हातात नाही आणि मॅनेजर मीटिंगला बोलवतोय. इकडच्या कन्सल्टन्सीचं गणित सोपं असतं, पर्मनंट जागेला वर्षाच्या सीटीसीच्या 8.33 टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार, असा दर सर्रास चालतो. एका फॉर्ममध्ये एक क्लायंट आणि पाच उमेदवार फुकट मिळत असतील तर रकाना मँडेटरी का ठेवणार नाहीत? मॅनेजरच्या जागी "ऑफरनंतर" असं लिहा. सहकाऱ्यांना आधी विचारा, त्यांना हवं असेल तर ते स्वतः नाव नोंदवतील. ऑनलाइन फॉर्म पुढेच जात नसेल तर फॉर्म सोडून द्या, पुण्यात काय कन्सल्टन्सींचा दुष्काळ आहे?

प्रश्न : तुमचा कॉलम आमच्या टीमच्या ग्रुपवर फिरतो म्हणून लिहितेय, पण भीत भीत. मी खराडीला एका कंपनीत यूके प्रोसेसला रिक्रूटर आहे, दुपारी शिफ्ट सुरू होते. आम्हाला स्क्रिप्टच दिलेली आहे, कॉल संपायच्या आत दोन मॅनेजरची नावं घ्यायचीच, शीटमध्ये लीडचा वेगळा कॉलम आहे, तो रिकामा राहिला की टीम लीड सगळ्यांसमोर विचारतो. समोरचा माणूस कामासाठी अगतिक असतो आणि रोल नाहीये हे मला माहीत असतं. मराठी आडनाव दिसलं की जास्तच वाईट वाटतं. नोकरी सोडणं सध्या शक्य नाही. आम्ही काय करावं?

बरं झालं लिहिलंत, भीत भीत का होईना. या विषयावर शिव्या देणारी पत्रं पुष्कळ येतात पण त्या खुर्चीत बसलेल्या मुलीचं पत्र पहिलंच. शिव्या खाण्याची जागा तुमची नाही, स्क्रिप्ट लिहिणाऱ्याची आहे, तो बहुधा लंडन किंवा मँचेस्टरला बसलाय आणि त्याला ही नावं लागतात पण स्वतःच्या तोंडाने मागायची नाहीत. आणि कॉल खराडीतून गेला म्हणून ब्रिटनचे डेटाचे नियम लागू नाहीत असं होत नाही, जबाबदारी त्या एजन्सीची राहते, तेव्हा त्यांच्या कंप्लायन्सवाल्यांनी ही स्क्रिप्ट बघितली आहे का, असा एक साधा प्रश्न मेलवर विचारायला हरकत नाही. साधाच विचारा, तक्रारीच्या सुरात नको, आणि एकटीने नको, टीममधल्या दोघी-तिघींनी मिळून.

नसलेल्या रोलची गोष्ट मात्र वेगळी आहे. रोल नाही हे माहीत असताना आहे म्हणून सांगायचं, तिथे मी तुमची बाजू घेऊ शकत नाही, टार्गेट असलं तरी. निदान तेवढं वाक्य बदला. "आत्ता हातात रोल नाही, पण तुमच्या स्किलला पुढे मागणी येईल म्हणून ओळख करून घेतेय" असं म्हणून बघा, काही जण फोन ठेवतील, काही जण उलट जास्त मोकळेपणाने बोलतील, कारण दिवसभरात खरं बोललेला तो पहिलाच रिक्रूटर असेल. आडनाव मराठी असो की पोलिश.

आणि लीडचा कॉलम भरायचा दुसरा रस्ता आहे, वेळ लागतो पण चालतो. जी माणसं तुमच्याकडून खरोखर कामाला लागलीत त्यांची यादी काढा. कामाला लागल्यावर बहुतेक एजन्सी त्या माणसाला विसरतात, थेट कॉन्ट्रॅक्ट संपताना आठवण येते. तुम्ही महिन्याभराने फोन करा, पहिलं इन्व्हॉइस वेळेवर पास झालं का, टाइमशीटची काही अडचण आहे का, विचारा, आणि अडचण असेल तर पेरोलच्या मागे लागून ती सोडवा. असा माणूस पुढे स्वतःहून सांगतो की आमच्या टीमला अजून एक डेव्हलपर लागणार आहे, मॅनेजरला तुझं नाव सांगू का. सांगू का, असं विचारून. टीम लीडला शीटमध्ये ती एक लीड दाखवा आणि तिच्यातून जागा भरली की नाही ते दोन महिन्यांनी त्यालाच मोजायला सांगा, सोबत स्क्रिप्टवरून आलेल्या लीड्सपैकी किती भरल्या तेही. आकडे हाती आले की मला कळवा, एजन्सीचं नाव न घेता छापू.